सत्कारमूर्तींची डुलकी

समस्त मीरा-भाईंदरकरांना कळविण्यास अत्यंत दुःख होते की, रस्ता सुरक्षेच्या जाहीर कार्यक्रमात 'जागरूक चालक' हा सन्मान स्वीकारून सत्कारमूर्ती भर स्टेजवर झोपले. घोरलेसुद्धा. माईक जवळच होता.

सत्कारमूर्ती मी.

पूनम सागरजवळचा हॉल. रात्रभर ट्रक हाकून मी सकाळी पोचलेलो. तोंड धुऊन थेट खुर्चीत. अंगावर शाल, मांडीवर नारळ, डोक्यावर पंखा. ट्रकवाल्याला आणखी कसली अंगाई लागते?

शेजारी बसलेल्या आमच्या ट्रकमालकांनी मला कोपराने ढोसलं आणि माईकवरून म्हणाले, "बघा. ड्रायव्हरची जातच अशी. बूड टेकलं की झोप."

हॉल हसला. मीही हसलो. केबिन रोडच्या टपरीवर माझ्या किश्श्यांना गर्दी जमते. त्या दिवशी किस्सा मीच झालो.

मग मालकांनी समोर बसलेल्या वहिनींकडे बोट दाखवलं. सदाची बायको. सदा आमच्याच यार्डातला ड्रायव्हर, माझा दोस्त. घोडबंदरच्या वळणावर त्याचा ट्रक कठड्यावर गेला.

"हिचा नवरा झोपला म्हणून मेला. तुम्ही झोपू नका. टाळ्या."

टाळ्या पडल्या. वहिनींनीही वाजवल्या. सगळेच वाजवत होते, त्या काय करणार.

माझी झोप तिथे उडाली.

आमच्या यार्डात 'झोप' हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. काढला की दुसऱ्या दिवशी ट्रक दुसऱ्याच्या हातात. म्हणून आम्ही म्हणतो, "चहा मारून निघतो." अपघाताच्या दिवशी सदा दुपारी एका खेपेवरून आला, लगेच दुसरीवर पाठवला गेला. डोळे लाल. मला म्हणाला, "चहा मारून निघतो." माझा सदा चहा पिऊन मेला.

कार्यक्रम संपला. आम्ही स्टेजवरून खाली आलो, मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "हिरो, सुरतेचा माल भरलाय. चहा मार आणि निघ."

मी शाल घडी केली. टेबलावर नारळ ठेवला, त्याच्या शेजारी चावी.

"मला झोप आलीय."

"काय?"

"झोप. ड्रायव्हरने किती तास चालवायचं ते आत्ता तुम्हीच माईकवर वाचलंत. माझे कधीच भरले. झोपून उठल्याशिवाय ट्रकला हात लावणार नाही. आज नाही, पुढेही नाही. तुमच्याकडे नाही, दुसऱ्या कुणाकडे नाही."

"मग उद्यापासून येऊ नको."

"नाही येत."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी दाराकडे वळलो. तेवढ्यात मागून वहिनींच्या तोंडून निघून गेलं,

"एवढंच तर बोलायचं होतं ओ आमच्या ह्यांनी."