पाठमोऱ्या बायका

लग्न झालं तेव्हा मी पिंपरीतल्या एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते आणि आमचे हे तिथेच ड्राफ्ट्समन. ते पेन्सिलीनं यंत्राच्या भागांची ड्रॉइंगं काढायचे, मी त्यावर पारदर्शक कागद लावून ती शाईनं गिरवायची. रेष जरा जाडबारीक झाली की साहेब कागद परत पाठवत. माझा कागद कधी परत आला नाही.

कासारवाडीला स्टेशनजवळ आमची दीड खोली होती. त्या काळात एका मोठ्या चित्रकाराची रेखाटनं मासिकांतून छापून यायची. खेड्यातल्या बायका, बहुतेक पाठमोऱ्या. कुणी वेणी घालतेय, कुणी भांडी घासतेय, कुणी नुसतीच उंबऱ्यात बसलीय. चेहरा दिसायचा नाही, तरी बाई दमलीय की रुसलीय ते कळायचं. शाळेत मी इंटरमीजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत पहिल्या श्रेणीत आले होते. मला वाटलं, हे आपल्याला जमेल. मी ती चित्रं कापून ट्रंकेत जमवायला लागले आणि रविवारी दुपारी ब्रश घेऊन बसायला लागले.

आधी ऑफिसातल्यासारखी गिरवून पाहिली, तर बाई दगडासारखी दिसली. मग हळूहळू उमगत गेलं. त्यांची रेष मानेपाशी सुरू होते. खांद्यावर ब्रश दाबायचा, कोपराकडे उचलत न्यायचा आणि पाठ कोरी सोडायची. हात मनगटातून फिरवायचा नाही, खांद्यातून फिरवायचा. वर्षभरात मासिक समोर नसतानाही तशी बाई माझ्या हातून उतरायला लागली. ती उतरली की दिवसभर मी खुशीत असायची.

हे शेजारी पेपर वाचत बसायचे. एका रविवारी म्हणाले, "दे बघू मला एक ब्रश."

मी कौतुकानं दिला. त्यांच्या पहिल्या बायका पोत्यासारख्या झाल्या. मला बरं वाटलं. "अहो, ब्रश इतका खाली धरू नका," असं मी शिकवत होते आणि तेही निमूटपणे शिकत होते.

मग एक दिवस त्यांनी एक बाई काढली. रेष त्या चित्रकाराचीच होती, खांद्यावर जाड, कोपराशी बारीक. पण बाई ओळखीची होती.

"या पलीकडच्या वहिनी ना?" मी विचारलं.

"हं. स्टेशनच्या बाकावर बसल्या होत्या काल."

"मान चुकलीय. ते इतकी वाकडी काढत नाहीत."

"ते नसतील काढत," हे म्हणाले आणि दूध आणायला गेले.

ते गेल्यावर मी नवा कागद घेतला आणि त्याच वहिनी काढायला बसले. रोज नळावर भेटणारी बाई, पण माझ्या कागदावर ती मासिकातलीच होऊन बसली. पुन्हा काढली, पुन्हा तेच. दूध घेऊन हे परत आले तेव्हा मी कागद चुलीत घातले होते आणि चहा टाकला होता. त्यांनी काही विचारलं नाही. त्याचाही मला राग आला.

पुढे त्या चित्रकाराचं पुण्यात प्रदर्शन भरलं. स्वतः ते तिथे बसणार होते. मी आम्हा दोघांची चित्रं एका फायलीत घातली आणि आम्ही गेलो. म्हातारे, बारीक, कमी बोलणारे गृहस्थ. मी फाईल पुढे केली. पहिलंच चित्र माझं होतं.

"हे कुठे छापलं होतं? मला आठवत नाही," ते म्हणाले.

"मी काढलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते हसले. "हुबेहूब आहे. अलीकडे माझ्याही हातून इतकं नीट होत नाही."

माझे पाय जमिनीवर नव्हते. पण त्यांनी पान उलटलं आणि खाली वहिनी निघाल्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांजवळ नेला.

"मान अशी का?"

"एका कानानं ऐकू येत नाही त्यांना," हे म्हणाले. "गाडीची चाहूल घेत असतात."

मला ते ठाऊक नव्हतं. माझ्यापेक्षा माझ्या नवऱ्याला ते आधी दिसलं होतं.

"हे मी ठेवून घेऊ?" चित्रकारांनी विचारलं. माझी चित्रं त्यांनी नीट जुळवून फायलीत परत ठेवली.

परतताना हे म्हणाले, "त्यांना तुझं चित्र स्वतःचं वाटलं. केवढी मोठी गोष्ट आहे." ते मनापासून बोलत होते. त्यांनी फुशारकी मारली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

त्यानंतर त्यांना बढती मिळाली, ओव्हरटाइम वाढला आणि त्यांनी ब्रश हातात घेणं सोडून दिलं. त्याचं त्यांना काही वाटलंही नाही. "अहो, आज बसू या ना," मी म्हणायची. "तू बस, मी पेपर वाचतो." जे मला जीव टाकूनही मिळत नव्हतं, ते या माणसानं जुन्या शर्टासारखं खुंटीला टांगून ठेवलं होतं. त्यांची रेष माझ्यापेक्षा सरस होती हे मी एक वेळ सहन केलं असतं. त्यांना तिची गरज नव्हती, हे मात्र मला सहन होत नव्हतं.

मी सोडलं नाही. ऐंशीच्या आसपास आम्ही निगडीला प्राधिकरणात राहायला गेलो. तोवर एकदोन दिवाळी अंकांसाठी मी चित्रं काढली होती. संपादक सांगायचे, "त्यांच्यासारखी द्या." मी देत होते. एकदा मात्र नाही म्हटलं आणि बस स्टँडवर वही घेऊन बसायला लागले. समोर दिसेल ते काढायचं. कितीतरी दिवस हात जुन्याच वळणानं जायचा. मग कधीतरी एखाद्या बाईची पिशवी, एखाद्या कामगाराचा खांदा खरा उतरायचा. दहांतली नऊ पानं मी फाडायची, एक ठेवायची.

एका सकाळी चहाची वाट बघता बघता ह्यांनी पेपरच्या कडेला बॉलपेननं काहीतरी काढलं आणि पेपर टाकून ते अंघोळीला गेले. आमचा दूधवाला होता, वाकून किटली टेकवणारा. पाच-सहा रेषा असतील. मी कप हातात घेऊन उभी राहिले, चहा निवून गेला.

हे बाहेर आल्यावर मी म्हटलं, "खांदा छान जमलाय."

डोकं पुसत ते म्हणाले, "कुणाचा खांदा?"