कुंडामागे केंदूरपर्यंत गेलेल्या एस्तेरबाई

दौंडच्या शाळेत मी रुजू झालो, त्याच आठवड्यात एस्तेरबाई साळवे मला शाळेमागच्या चर्चमध्ये घेऊन गेल्या. मी बौद्ध घरातला. चर्चची पायरी कधी चढलो नव्हतो. दाराशीच दगडाचे आठकोनी कुंड होते. "सर, इथं लेकराच्या कपाळावर पाणी घालून बाप्तिस्मा देतात," बाई म्हणाल्या. "मंडळीसमोर त्याचं नाव पहिल्यांदा इथंच घेतलं जातं."

बाई इतिहास शिकवीत. कुंडाचा इतिहासही त्यांनीच सांगितला. ते इंग्लंडातल्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये कित्येक पिढ्या होते. धर्मावरून भांडणे पेटली तेव्हा लोकांनी ते बाहेर फेकले. कित्येक वर्षे त्यात पावसाचे पाणी साचत राहिले. पुढे ते आत आले, पण संगमरवरी कुंड आल्यावर पुन्हा नकोसे झाले आणि दौंडच्या रेल्वेतल्या साहेबलोकांच्या चर्चसाठी बोटीने इकडे आले. ते खेड्यातले चर्च आता बंद पडले आहे, असे एका पाहुण्या इंग्रज पाळकांनी सांगितले.

माझी आई दवाखान्यात अखेरच्या दिवसांत होती, तेव्हा शाळा सुटल्यावर बाई येत आणि तिचे केस विंचरीत. आई मलाही ओळखत नव्हती. बाईंचा हात मात्र सोडत नसे. त्याच दिवसांत बाईंच्या यजमानांनी मला सांगितले, की त्यांची एकुलती मुलगी नयोमी वर्षाची होण्याआधीच तापाने गेली. तिचा बाप्तिस्मा याच कुंडात झाला होता. बाईंनी स्वतः हा विषय कधी काढला नव्हता.

यजमान गेले. बाई निवृत्त झाल्या. एकदा त्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेल्या असताना चर्चमध्ये नवी फरशी बसली आणि राडारोड्याबरोबर कुंडही गेले. ठेकेदाराने ते केंदूरला आपल्या चुलत्यांच्या गोठ्यात नेऊन टाकले होते. हे कळताच डोळ्यावरची पट्टी निघण्याचीही वाट न पाहता बाई निघाल्या. सोबत मी होतो.

गोठ्यात दोन गाई कुंडातले पाणी पीत होत्या. एक कोपरा फुटला होता.

"पुतण्यानं टाकाऊ म्हनून आनलं, बाई," ठेकेदाराचे चुलते, आबा, म्हणाले. "आमाला काय ठावं देवाचं हाय म्हून?"

"माझ्या मुलीचं नाव ठेवलं होतं यात," बाई म्हणाल्या.

"कुठं असती लेक?"

"नाही राहिली, आबा."

आबा उठले. "सूनबाई, गाई सोड गं," एवढेच म्हणाले आणि स्वतः तांब्याने पाणी उपसू लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच पिकअपमधून कुंड दौंडला पोचवले.

कुंड जागेवर आले, पण त्यानंतर त्यात एकाही लेकराचा बाप्तिस्मा झालेला नाही. तरुण घरे पुण्याला गेली. रविवारच्या उपासनेला मोजकी म्हातारी माणसे असतात. बाई दर शनिवारी कुंड पुसतात. ऑपरेशनचा डोळा सुधारला नाही आणि आता दुसराही अधू झाला आहे, म्हणून हाताने चाचपून पुसतात.

एकदा न राहवून मी विचारले, "बाई, कशासाठी एवढे कष्ट?"

"तिचा फोटोसुद्धा काढला नव्हता हो आम्ही," त्या म्हणाल्या. "एवढंच उरलंय."

बाई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांना दीर्घायुष्य मागताना माझी लेखणी अडखळते, कारण पुढची वर्षे एकटेपणाचीच आहेत. तरीही मागतो. बाईंची उरलेली नजर टिकून राहो, गुडघे चालते राहोत, शनिवारी चर्चपर्यंत त्यांना स्वतःच्या पायांनी जाता येवो. आणि ज्या शनिवारी ते जमणार नाही, त्या शनिवारी त्यांचा हात धरायला आपल्यापैकी कोणीतरी दारात उभे असो.