समीक्षाला मधलं अक्षर दिसत नव्हतं

“मुलगी खोटं बोलत नाही,” नागपूरचे डॉक्टर म्हणाले. आजाराचं नाव त्यांनी नंतर सांगितलं. स्टारगार्ट. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो, त्याला रेटिना म्हणतात. या आजारात त्याचा मधला भाग हळूहळू निकामी होतो. कडेचं दिसत राहतं, पण ज्याच्याकडे थेट पाहावं तेच पुसट होतं.

माझी समीक्षा तेव्हा नऊ वर्षांची होती.

मी रिठदच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. चौथीचा वर्ग माझा, आणि समीक्षा माझ्याच वर्गात. दिवाळीनंतर ती वाचताना अक्षरं गाळू लागली. ‘पाखरू’चं ‘पारू’ वाचायची. पोरं हसायची. मॅडमचीच मुलगी, म्हणून मला जास्त लाज वाटायची. एक दिवस तिसऱ्यांदा ‘पारू’ म्हणाली, तेव्हा मी सगळ्यांसमोर तिच्या गालावर चापट मारली. ती रडली नाही. मान तिरकी करून पुन्हा वाचू लागली.

वाशिमला चष्मा लागला, फरक पडला नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, “डोळे चांगले आहेत, अभ्यास टाळते.” मला ते ऐकून बरं वाटलं. का, ते तुम्हाला कळलं असेल. माझी चापट बरोबर ठरली होती.

उन्हाळ्यात रिसोडच्या बसस्टँडवर ती भलत्याच बाईचा हात धरून चालू लागली. त्या बाईची साडी माझ्यासारखी हिरवी होती. बाई थांबली आणि विचारू लागली, “कोणाची पोरगी हाय वं ही?” मी दहा पावलांवर होते. समीक्षा माझ्या दिशेनं पाहत होती आणि मला शोधत होती. मग आम्ही तिला नागपूरला नेलं.

तिथे डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले. मग ओसीटी, म्हणजे यंत्रावर हनुवटी टेकवून पडद्याच्या थरांचा काढलेला फोटो. मधोमध थर विरळ झालेला आम्हालाही दिसला. “सुरुवातीला साध्या तपासणीत हे सुटतं. पुष्कळ मुलांना नाटकी ठरवतात,” डॉक्टर म्हणाले. मग विचारलं, “तुम्ही नवराबायको नात्यातले का?”

माझे मिस्टर म्हणजे माझ्या आत्याचा मुलगा.

आमच्या दोघांचं रक्त तपासलं. रिपोर्ट यायला खूप दिवस लागले. जनुकातला दोष दोघांकडून आला होता. आम्हाला त्रास नव्हता म्हणून कळला नव्हता. “कोणाची चूक नाही,” डॉक्टर दोनदा म्हणाले. लग्नाबद्दल ते खरं असेल. चापटीबद्दल मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

घरी मी तिला विचारलं, “अक्षर दिसत नोतं तं सांगितलं काहून नाही?”

“मले वाटे सगळ्याइलेच असं दिसते,” ती म्हणाली. “तुमी हुशार हा, म्हून तुमाले वाचता येते.”

हे वाक्य अजून मला भर वर्गात, फळ्यावर लिहिताना ऐकू येतं. मी तिची माफी मागितली. तिने मान हलवली आणि खेळायला गेली.

यावर आज खात्रीचं औषध नाही. उन्हात गडद चष्मा लावायचा. व्हिटॅमिन ए-च्या गोळ्या आणि सिरप डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही; या आजारात ते उलट बाधू शकतं, आणि आम्ही डोळ्यांसाठी चांगलं म्हणून तेच पाजत होतो. तुमचं मूल मान तिरकी करून पाहत असेल, ओळखीची माणसं चुकत असेल, तर चष्म्यावर थांबू नका. पडदा तपासणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. आणि आधी मुलालाच विचारा, तुला काय दिसतं?

आता ती सहावीत आहे. मोठ्या अक्षरांची पानं आणि भिंग लागतं. पुढे किती दिसेल, कोणी सांगत नाही. तरी वाचायचं ती सोडत नाही, याबद्दल मी कोणाचे आभार मानावेत कळत नाही.

गेल्या रविवारी तिने मला अख्खा धडा वाचून दाखवला. फार वेळ लागला. मी गॅस बंद केला आणि ऐकत बसले.