बॉयलरचा भोंगा

जळक्या वायरचा वास आला की तळेगावच्या कारखान्यातली ती खोली आठवते आणि अजून डोकं तापतं. तिथला बॉयलर सांभाळणारा माझा भाऊ सुहास तो फुटून नुकताच गेला होता.

"तापमान पंच्याण्णवच्या वर गेलं असतं तर भोंगा वाजलाच असता, ताई. सुहासचंच लक्ष नव्हतं," इंजिनिअर म्हणाला.

मी भोंग्याची शेल स्क्रिप्ट, म्हणजे भोंगा कधी वाजवायचा हे संगणकाला सांगणारी फाईल, उघडायला लावली. तीत तापमान तपासायला `[[ $t > 95 ]]` होतं. 'पेक्षा मोठं'चं हे चिन्ह तिथे आकड्यांची किंमत पाहत नाही, शब्दकोशासारखा अक्षरांचा क्रम पाहतं. एक नवाच्या आधी येतो, म्हणून त्या दिवशीचं १०५ तापमान ९५ पेक्षा लहान ठरलं आणि भोंगा गप्प राहिला.

इंजिनिअरने `>` खोडून आकड्यांची किंमत पाहणारं `-gt` लिहिलं. "किरकोळ होतं, ताई. झालं बघा."

सुहासवरचा ठपका मात्र त्याने आजवर मागे घेतलेला नाही.