रिकाम्या कॅमेऱ्याचं ओझं

लग्नांचे फोटो काढायला लागून मला वीसेक वर्षं झाली. आमच्या शहरातली आणि आसपासची बरीच मुस्लिम घरं बायकांच्या बाजूला फोटोवालीही बाईच हवी म्हणतात, त्यामुळं माझं काम कधी अडलं नाही. अडलं ते खांद्यामुळं. गेल्या हिवाळ्यात उजवा हात वेणी घालण्याइतकाही वर जाईना. डॉक्टरांनी माझी बॅग एकदा उचलून पाहिली आणि म्हणाले, "वजन कमी करा, नाहीतर काम बंद करा." मला राग आला. सात किलोची ती बॅग म्हणजे माझी शान होती. आणि काम सुटलं तर मी दुसरं काय करणार, हे मला खरंच माहीत नव्हतं. रात्रभर डॉक्टरांनी दिलेला खांद्याच्या व्यायामाचा कागद उशाशी घेऊन रडले, हेही सांगून टाकते.

मग हलक्या कॅमेऱ्याची शोधाशोध सुरू झाली. दुकानात दाखवलेला पहिला इतका लहान की माझी करंगळी खाली लोंबकळत राहिली. दुसरा बरा वाटला. सेन्सर जुन्यापेक्षा थोडा लहान, पण हातात नीट बसणारा. दोन दिवसांसाठी मागून घरी आणला आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी तेच तेच फोटो काढले: हिमरू शालीचे, स्वयंपाकघरातल्या अंधाऱ्या फडताळाचे आणि नवऱ्याच्या मिशांचे. अल्बमच्या पानाएवढे प्रिंट काढून फरशीवर मांडले. संगणकावर मोठं करकरून पाहिलं तर कुठल्याही फोटोत खोट सापडते. गिऱ्हाईक मात्र अल्बम मांडीवर घेऊन बघतं. शालीत काही फरक दिसेना. फडताळाच्या फोटोत नव्या कॅमेऱ्यानं काळोखात बारीक ठिपक्यांचा रवा पाडला होता. मी त्यावरच अडून बसले. नवरा गुडघे टेकून बराच वेळ पाहत राहिला.

"मला तर दोन्हीत मिशा पांढऱ्याच दिसायल्या," तो म्हणाला. "हलका घे."

मंडपाच्या टोकाला उभं राहून नवरीच्या नथीपर्यंत पोचणारी मोठी झूम लेन्स मी सोडली. तिच्याऐवजी दोन छोट्या घेतल्या, झूम नसलेल्या, पण कमी उजेडात चालणाऱ्या. जवळून फोटो हवा तर आपणच चार पावलं पुढं जायचं. सगळं मिळून दीड किलो भरलं.

त्यानंतरचं पहिलं लग्न खुलताबादचं. नवरीची आई माझ्या जुन्या ओळखीची. आणि इथं मी शुद्ध मूर्खपणा केला. एवढासा कॅमेरा पाहून लोक काय म्हणतील या धास्तीनं जुना थोराड कॅमेराही मोठ्या लेन्ससकट गळ्यात अडकवून गेले. आत बॅटरीसुद्धा नाही, नुसता दाखवायला.

दुपारपर्यंत छान चाललं. थोराड कॅमेरा बघून बायका दुपट्टे सारखे करायच्या आणि मी छोट्यानं फोटो घ्यायचे. खांदा मात्र ठणकायला लागला. तेवढ्यात नवरदेवाची फुफी, म्हणजे आत्या, चार जणींना घेऊन पुढ्यात उभी राहिली.

"छोटेसे नक्को. बडेवालेसे निकालो."

मी मोठा कॅमेरा डोळ्याला लावला, बटण दाबलं. आवाज नाही, काही नाही. "हो गया," मी म्हटलं.

"दिखाओ," फुफी म्हणाली.

पितळ उघडं पडलं. मग सगळं खरं सांगून टाकलं: यात बॅटरीच नाही, खांदा दुखतो, छोट्यावर तुमचा विश्वास बसणार नाही असं वाटलं. मग असा हशा उठला की पुरुषांच्या बाजूनं निरोप आला, काय झालं म्हणून. नवरीच्या आईनं माझ्या गळ्यातलं धूड काढून घेतलं, कपाटात ठेवलं आणि किल्ली स्वतःजवळ घेतली.

"जाते वक्त मिलता, बाजी. कायकू उठाके फिररै?"

फुफीनं छोट्या कॅमेऱ्यानं पाच फोटो काढून घेतले आणि प्रत्येक मागच्या पडद्यावर तपासून पास केला.

संध्याकाळी रुखसतीच्या, नवरीच्या पाठवणीच्या वेळी अंगणात एकच पिवळा बल्ब आणि बायकांची ही गर्दी. एरवी मी लांब राहून झूम लावली असती आणि बहुतेक पाठीच टिपल्या असत्या. या वेळी आत शिरले आणि हात डोक्यांच्या वर नेऊन फोटो घेतला. हात वर गेला, हे मला घरी परतताना घाटात आठवलं आणि मी गाडीत एकटीच हसले.

त्या फोटोत आईनं लेकीचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरलाय. मागच्या काळोखात रवा आहेच. अल्बम द्यायला गेले तेव्हा मी आधीच बोलून टाकलं, हा एक जरा खरखरीत आलाय. नवरीच्या आईनं ऐकलंही नसावं. ती त्या पानावरून बोट फिरवत होती.

"बडीके अल्बममें मैं किदरच नै," ती म्हणाली.

तिच्या थोरलीच्या लग्नाचे फोटोही मीच काढले होते, लांबून, त्या मोठ्या लेन्सनं. मला वाईट वाटलं, तसं मी तिला म्हटलं.

"जाने दो. छोटी अबी नववीमें है," तिनं अल्बम मिटला. "उसकी शादीमेंबी तुमच आना."

मी डायरी काढली आणि तिच्या धाकटीचं नाव लिहून घेतलं.