कुलपापुढचा शेरा

अमरावतीत राजकारण कळत नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे. मत द्यायला जातात किती, ही गोष्ट वेगळी. मी पालिकेच्या शाळेत शिक्षिका, आणि शिक्षिका म्हटलं की मतदारयादीचं काम मागे लागतंच. त्या वर्षी घरोघर जाऊन नावं पडताळायची होती. माझ्या वाट्याला बडनेऱ्याच्या बाजूचा एक भाग आला. पुढे निवृत्त साहेबांची बंगल्यांची कॉलनी, मागे भाजीपाला पिकवून विकणाऱ्यांची वस्ती.

कॉलनीत एकेका घराला पाऊण तास लागे. दोन मिनिटं नावाला, उरलेली देशाला. पहिल्या बंगल्यातले साहेब सरकारच्या बाजूचे. टीव्हीवर विरोधक बोलायला लागला की ते आवाजच बंद करत. दुसऱ्यातले त्यांच्या बरोबर उलट. तिसऱ्यातल्यांच्या मते दोन्हीकडचे चोर, आणि हे ते त्या दोघांच्याच घरी त्यांचाच चहा पीत ऐकवत. मी पडले सरकारी नोकर, मला दिवसाउजेडी मत नसतं. तिन्ही घरी मी सारख्याच भक्तिभावाने मान डोलावली आणि तिन्ही घरचा चिवडा खाल्ला.

मागच्या वस्तीत चहा राहू द्या, माणूसच दिसेना. माझी शाळा सकाळची, म्हणून मी अकरा-साडेअकराला जायची, आणि दाराला कुलूप. ही मंडळी पहाटे भाजी घेऊन बाजारात जातात, दुपारभर मळ्यात राबतात, संध्याकाळी पुन्हा दुकान लावतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. रोज संध्याकाळी त्याच बाजारातून मी मेथी आणत होते. पण नियम एवढाच होता की तीनदा जा, शेजाऱ्यांना विचारा आणि शेरा मारा. कोणत्या वेळी जा, हे नियमात नव्हतं, आणि ऊन फार होतं.

एका घरी तिसऱ्यांदाही कुलूप दिसलं, तेव्हा पहिल्या साहेबांना विचारलं. त्यांची मागची खिडकी त्याच दाराकडे उघडते.

"महिना झाला मॅडम, कुलूपच पाहून राहिलो," ते म्हणाले. "गेले असतील तिकडे वलगावकडे."

दुसरे साहेब साक्षीदार म्हणून सहीला आले. देशातल्या एकाही गोष्टीवर ज्यांचं पटत नाही, त्यांचं या कुलपावर एका मिनिटात एकमत झालं. मी त्या घरातल्या नावापुढे 'स्थलांतरित' असा शेरा मारला आणि घरी जाऊन झोपले.

मतदानाच्या दिवशी मी केंद्राबाहेर टेबल टाकून बसले होते, लोकांना नावं शोधून द्यायला. सकाळी सातला रांगेत उभी होती ती मागची वस्ती. कॉलनीतलं कुणीच नव्हतं. सुट्ट्या जोडून आल्या होत्या, तेव्हा तिन्ही साहेब, म्हणजे देशातल्या तिन्ही विचारधारा, एकाच गाडीत बसून चिखलदऱ्याला गेले होते.

थोड्या वेळाने एक बाई केंद्रातून तशीच परत आली. ती माझी मेथीवाली होती. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर, मुठीत ओळखपत्र.

"बरं झालं बाई, तुमीच भेटल्या," ती म्हणाली. "नाव कटलं म्हंतेत आत. पाहा बरं. आजलोक एकबी मत चुकवलं नाई म्या. मले कावून नाई टाकू देऊन राहिले?"

मी ओळखपत्र हातात घेतलं. दोन वर्षं मी या बाईकडून भाजी घेत होते, तिचं नाव मात्र कधी विचारलं नव्हतं. आता ते वाचलं आणि ओळखलं. यादी उघडायची गरजच नव्हती. त्या नावापुढचा शेरा माझ्या हातचा होता.

"वरूनच चूक झाली असेल," मी म्हणाले.

तिने ते खरं मानलं. वरची चूक खालपर्यंत दुरुस्त होईल म्हणून ती दुपारपर्यंत माझ्या टेबलाजवळच बसून राहिली. त्या दिवशी तिने दुकानही लावलं नाही. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटत असूनही मी गप्प आहे याची जास्त.

दुसऱ्या दिवशी पेपरात शहराचा टक्का घसरल्याची बातमी आली. चिखलदऱ्याहून परतलेले पहिले साहेब फाटकात उभे होते. "या मागच्या लोकांत जागृतीच नाही, मॅडम," ते म्हणाले. मी नाव नोंदवायचा कोरा फॉर्म पर्समध्ये घालून बाजारात गेले.

मेथीच्या ढिगाआड ती बसली होती. मी सरळ सांगून टाकलं, "तुमचं नाव मीच काढलं. तीनदा आले, तीनदा घराला कुलूप होतं."

तिचा जुडी बांधणारा हात थांबला. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"रोज सांजच्याले मी इथंच बसून राहते," ती म्हणाली. "तुमी रोज येता, माह्याशी भाव करता. कुलपाले कायले इचारलं, बाई? मले इचारायचं होतं न."