हणमंतमामांपुढचा पूर्णविराम

जग निर्माण करताना पर्वत, नद्या, पशू आणि माणसे यांच्यामध्ये देव स्वल्पविराम द्यायला विसरला, आणि ती चूक निस्तरायला त्याने माझ्या बायकोच्या काकांना भोरला धाडले, अशी काकांची प्रामाणिक समजूत आहे. एका सरकारी कचेरीत ते कारकून होते. अर्जासोबतच्या कागदांच्या यादीत एका आकड्याला कंस आणि दुसऱ्यापुढे टिंब दिसले, की अर्ज परत. समोरचा माणूस डोंगर उतरून, भिजून आलेला असला तरी काका थंडपणे म्हणत, "आधी एकवाक्यता आणा." त्यांच्या निवृत्तीला कचेरीपेक्षा तालुक्यालाच जास्त आनंद झाला. पण मोकळे झालेले काका जास्तच घातक ठरले. एकदा किकवीच्या हॉटेलात फलकावर 'मिसळ, वडा, पाव, चहा' असे लिहिले होते. वडापाव समोर आल्यावर त्यांनी मालकाला बोलावले. "तुमच्या फलकाप्रमाणे हे दोन स्वतंत्र पदार्थ आहेत. मग एकात एक कोंबून कसे दिलेत?" मालक म्हणाला, "काका, खायचंय का वाचायचंय?" काका ताडकन उठले. त्यांच्याबरोबर मलाही उपाशी उठावे लागले.

हे सगळे हसण्यावारी नेता आले, पण वैशालीच्या लग्नात ते अंगाशी आले. ही काकांची एकुलती एक मुलगी. पत्रिकेचा मसुदा अर्थातच काकांनी केला. निमंत्रकांची नावे अकारविल्हे, प्रत्येक नावानंतर स्वल्पविराम आणि गाव, गावानंतर अर्धविराम. काकूंचे भाऊ हणमंतमामा 'ह'मुळे सगळ्यांच्या शेवटी गेले आणि यादी संपल्यामुळे त्यांच्या गावापुढे पूर्णविराम पडला. वेल्ह्याच्या डोंगरात शेळ्या राखणाऱ्या मामांनी पत्रिका कोणाकडून तरी वाचून घेतली आणि निरोप धाडला, "आमी येत न्हाई." मुलीला मांडवात मामाने आणायचे, आणि मामाच रुसलेला! काकूंनी जेवण सोडले. वैशाली मुसमुसत राहिली. शेवटी काकांना घेऊन मी डोंगर चढलो.

मामांनी पत्रिका पुढे केली. "समद्यांच्या फुडं टिंबाला शेपटी हाय. माज्याच फुडं बिनशेपटीचं. म्हंजी नातं संपलं, असंच ना?"

"अहो, तो पूर्णविराम आहे. नावं अकारविल्हे लावली, म्हणून तुम्ही शेवटी."

'विल्हे' कानावर पडताच मामा भडकले, "वेल्ह्याला मधी आनू नका! वेल्ह्याची मान्सं शेवटीच बसवायची, व्हय?"

काकांनी वर्णमाला म्हणून दाखवली. शेजारच्या शेळीनेही तोंड फिरवले. मग मामा हळू आवाजात म्हणाले, "लहानपणी लई खांद्यावर खेळवलीय म्या तिला. तेवढं टिंब काडा. येतो म्या."

मला वाटले, आता काका व्याकरणाचे पुस्तक काढणार. पण खिशातून पेन काढून त्यांनी त्या टिंबाला खाली शेपटी काढली. यादी संपली होती आणि पुढे स्वल्पविराम लोंबत होता. मामांनी पत्रिका उजेडात धरली. "हां. म्हंजी फुडं अजून हाय." मग आत वळून ओरडले, "अगं, दाजींना चा टाक!" लग्नात मामांनी वैशालीला मांडवात आणले, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने नाक काकांनीच शिंकरले.

आता वैशाली सासरी, लांब असते. परवा गेलो तर काका मोबाईल डोळ्यांशी धरून बसले होते. तिचा निरोप होता: 'बाबा गोळी घेतली का दूध आणलं का आईचा गुडघा कसाय मामा आले होते का'. ना विराम, ना प्रश्नचिन्ह. मी चेष्टेने म्हणालो, "काका, दुरुस्त करून परत पाठवा की."

"राहू दे," काका म्हणाले. "ती बोलते अशीच, एका दमात." आणि त्यांनी तो निरोप पुन्हा पहिल्यापासून, कुठेही न थांबता, मोठ्याने वाचला.